उपग्रहाच्या साहाय्याने जमिनीची मोजणी : अचूकता कशी राखावी

गावातील तंट्यांमध्ये बांधाचा तंटा फार चिवट असतो. हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात आणि जमिनीच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम कज्जेदलालीत खर्ची पडते. अशा तंट्याचा निर्णय अखेरीस मोजणीवर येऊन ठेपतो. मोजणी विश्वासार्ह असेल तर तंटा मिटतो. तिच्याविषयी शंका राहिली तर तोच तंटा पुढच्या पिढीकडे वारसाने जातो.

अलीकडे मोजणीच्या कामी उपग्रहांचे साहाय्य घेतले जाते. भूकरमापक एक काठी घेऊन शेताच्या कोपऱ्यावर उभा राहतो, काठीच्या टोकावरील यंत्र आकाशातील उपग्रहांचे संदेश घेते, आणि काही क्षणांत त्या कोपऱ्याचे स्थान आकड्यांत मिळते. या यंत्रास रोव्हर असे म्हणतात. दुसरीकडे, पुष्कळ शेतकरी बंधू हातातील मोबाइल घेऊन शेताभोवती फेरी मारतात आणि पडद्यावरील क्षेत्र सात-बाराशी ताडून पाहतात. ते कमी भरले की शेजाऱ्याने बांध कोरला, असा संशय घेतात. दोन्ही साधने उपग्रहांवरच चालत असली तरी त्यांच्या अचूकतेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतर कशामुळे पडते, आणि रोव्हरने मोजतानाही चूक कोठून शिरू शकते, याची माहिती ग्रामसेवकांना व शेतकऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

साखळीपासून उपग्रहापर्यंत

आपल्याकडील शेतजमिनीच्या पद्धतशीर मोजणीस १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात आरंभ झाला. त्या काळी ३३ फूट लांबीची साखळी वापरली जाई. तिचे सोळा समान भाग पाडलेले असत व त्यांस आणे म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हे कोष्टक आजही आपल्या तोंडी आहे. साखळीनंतर फलकयंत्र आले, त्यानंतर विजेवर चालणारी अंतर व कोन मोजण्याची यंत्रे आली, आणि आता उपग्रहांची पाळी आली आहे.

साधने बदलली तरी एक गोष्ट बदललेली नाही. साखळी ताणून धरली नाही तर माप चुके. फलक समतल नसला तर नकाशा वाकडा येई. त्याचप्रमाणे रोव्हरचा आकडादेखील विशिष्ट अटी पाळल्या तरच खरा असतो.

उपग्रहावरून जागा कशी समजते

अमेरिकेच्या जी.पी.एस. प्रणालीचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू व भारताची नाविक या प्रणालीही अस्तित्वात आहेत. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. प्रत्येक उपग्रह आपली वेळ व आपले स्थान सांगणारा रेडिओ संदेश सतत पाठवीत असतो. हा संदेश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने प्रवास करतो. यंत्र संदेश निघाल्याची व पोहोचल्याची वेळ ताडून पाहते आणि त्यावरून उपग्रहाचे अंतर काढते. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरू शकली असती. परंतु यंत्रातील घड्याळ उपग्रहातील घड्याळाइतके अचूक नसल्यामुळे त्याची चूक काढण्यासाठी चौथ्या उपग्रहाची गरज लागते.

वेळेतील अत्यल्प चुकीचा परिणाम येथे केवढा मोठा होतो पाहा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरनी चुकते. उपग्रहाच्या घड्याळातील सूक्ष्म फरक, त्याच्या मार्गाविषयीचा अंदाज आणि वाटेतील वातावरणामुळे संदेशास होणारा विलंब या कारणांनी एकट्या यंत्राने काढलेले स्थान काही मीटर इकडेतिकडे होते. उघड्या रानात मोबाइलची चूक सामान्यतः तीन ते पाच मीटर असते; झाडांखाली व घरांच्या दाटीत ती याहून वाढते.

चूक किती, जमीन किती

समजा, एका शेताची एक बाजू १०० मीटर लांबीची आहे आणि त्या बाजूची हद्द दाखविताना तीन मीटरची चूक झाली. म्हणजेच ३०० चौरस मीटर, अर्थात जवळजवळ तीन गुंठे जमीन, एका खातेदाराकडून दुसऱ्याकडे गेल्याचे दिसेल. हीच चूक दोन सेंटिमीटर असेल तर फरक अवघा दोन चौरस मीटरचा राहील. पहिल्या चुकीतून दावा उभा राहतो. दुसरी चूक बांधाच्या रुंदीत सामावून जाते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोबाइलने काढलेले क्षेत्र पुष्कळदा सात-बाराशी बऱ्यापैकी जुळते, आणि त्यामुळे मोबाइलची हद्दही बरोबर असावी अशी समजूत होते. ही समजूत भ्रामक आहे. चारही कोपरे एकाच दिशेला तीन मीटर सरकले तर क्षेत्र तेवढेच राहील, परंतु सारे शेत शेजाऱ्याच्या हद्दीत तीन मीटर शिरलेले दिसेल. क्षेत्र जुळले म्हणून हद्द जुळली असे होत नाही. मोबाइलवर दिसणारी आकाशातून घेतलेली चित्रेही प्रत्यक्ष जागेपासून काही मीटर सरकलेली असू शकतात. अशा चित्रावर रेघ पाहून बांध हलविणे म्हणजे तंट्यास आमंत्रण देणे होय.

पासंग काढण्याची युक्ती

काही मीटरांची ही चूक सेंटिमीटरांवर कशी आणतात, हे समजण्यास तराजूचे उदाहरण घेऊ. तराजूत पासंग असला, म्हणजे एक पारडे मुळातच जड असले, तर वजन खोटे येते. परंतु पासंग किती आहे हे ठाऊक असेल तर तेवढे वजा करून खरे वजन काढता येते. पासंग शोधण्यासाठी ज्याचे वजन पक्के माहीत आहे अशी वस्तू पारड्यात टाकून पाहावी लागते.

उपग्रहांच्या मोजणीतही असेच करतात. ज्या जागेचे स्थान पूर्वीच अत्यंत काटेकोरपणे निश्चित केले आहे, तेथे एक यंत्र कायमचे बसवितात. उपग्रहांच्या संदेशांवरून त्या यंत्रास जे स्थान मिळते ते खऱ्या स्थानापासून किती ढळले आहे, हे ते क्षणोक्षणी काढीत राहते. हा झाला उपग्रहांचा पासंग. जवळपासच्या रोव्हरला त्याच उपग्रहांचे संदेश त्याच आकाशातून मिळत असल्यामुळे त्याचा पासंगही जवळजवळ तेवढाच असतो. स्थिर केंद्राची ही दुरुस्ती मोबाइलच्या जाळ्यामार्फत किंवा रेडिओवरून रोव्हरकडे पाठविली जाते आणि रोव्हर त्याच क्षणी आपले स्थान सुधारून घेतो.

केंद्र दूर गेले की दोन्ही ठिकाणचे आकाश सारखे राहत नाही व दुरुस्ती कमी पडू लागते. चांगल्या परिस्थितीत आडव्या दिशेतील चूक सुमारे एक सेंटिमीटर आणि त्याशिवाय केंद्रापासूनच्या प्रत्येक किलोमीटरमागे एक मिलिमीटर, अशी धरली जाते. उंचीची चूक साधारणतः याच्या दीडपट ते दुप्पट असते. यास्तव एकाच केंद्रावर विसंबावयाचे झाल्यास ते दहा-वीस किलोमीटरच्या आत असावे. ही अडचण दूर करण्यासाठी अनेक केंद्रांचे जाळे विणले जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी सत्तरहून अधिक केंद्रे उभारली असून त्यांस कॉर्स असे नाव आहे. भोवतालच्या केंद्रांवरील पासंग ताडून, रोव्हर जेथे उभा आहे तेथे तो किती असावा याचे गणित मध्यवर्ती संगणक करतो. त्यामुळे केंद्रे एकमेकांपासून बरीच दूर असूनही दुरुस्ती उपयोगी पडते.

साखळ्यांची मोजदाद

केवळ पासंग काढून सेंटिमीटरची अचूकता साधत नाही. त्यासाठी माप अधिक बारीक घ्यावे लागते. उपग्रहाचा संदेश रेडिओच्या लहरींवर स्वार होऊन येतो. जी.पी.एस.च्या एका प्रमुख लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर आहे. रोव्हर या लहरीचा शेवटचा अपुरा भाग काही मिलिमीटरपर्यंत बिनचूक वाचू शकतो. परंतु उपग्रहापासून आपल्यापर्यंत अशा पूर्ण लहरी किती आल्या, हे त्यास आरंभी ठाऊक नसते.

जुन्या मोजणीदाराची कल्पना करा. शेवटची साखळी त्याने आण्यापर्यंत बरोबर वाचली, पण त्यापूर्वी पूर्ण साखळ्या किती टाकल्या हे तो विसरला. त्याचे शेवटचे वाचन कितीही काटेकोर असले तरी एकूण लांबी सांगता येणार नाही. रोव्हरची स्थिती आरंभी अशीच असते. तो अनेक उपग्रहांची व वेगवेगळ्या लांबीच्या लहरींची मापे एकत्र ताडून पाहतो. लहरींच्या पूर्ण संख्यांचा जो एकच मेळ सर्व मापांशी जुळतो, तो त्यास काही सेकंदांत किंवा एखाद-दुसऱ्या मिनिटात सापडतो. मेळ बसला की पडद्यावर ‘फिक्स्ड’ असा शब्द येतो. मेळ बसला नसेल तर ‘फ्लोट’ असे दिसते. फ्लोट अवस्थेतील स्थान काही डेसिमीटरांनी चुकलेले असू शकते, आणि तसे माप हद्दीच्या कामी ग्राह्य धरू नये.

क्वचित यंत्र चुकीचा मेळ बसविते आणि तरीही ‘फिक्स्ड’ असेच दाखविते. पडद्यावरील शब्द पाहून अशी चूक ओळखू येत नाही. ती पकडण्याचा खात्रीचा उपाय एकच : काही वेळाने तोच कोपरा नव्याने मोजणे.

जी चूक केंद्र काढीत नाही

उपग्रहाची घड्याळे, त्याचा मार्ग व दूरच्या आकाशातील विलंब या चुका स्थिर केंद्र व रोव्हर या दोघांना समान असतात. म्हणून त्या दुरुस्तीने निघून जातात. जी चूक एकट्या रोव्हरच्या जागी घडते ती मात्र कितीही चांगले केंद्र असले तरी निघत नाही. मोजणाऱ्या माणसाने सावधगिरी बाळगावयाची ती येथे.

पहिली चूक झाडे, भिंती व पत्र्याची छपरे यांमुळे होते. संदेश थेट न येता पत्र्यावर आदळून येतो, त्याची वाट लांबते आणि अंतर खोटे निघते. आंब्याच्या दाट बागेत किंवा विहिरीवरील पत्र्याच्या शेडलगत घेतलेले माप म्हणूनच संशयास्पद समजावे.

दुसरी चूक उपग्रहांच्या मांडणीमुळे होते. मांडवाच्या खांबास चहूबाजूंनी दोर ताणले तर तो पक्का उभा राहतो. सर्व दोर एकाच बाजूस असतील तर डुलतो. तसेच उपग्रह आकाशात चहूकडे विखुरलेले असतील तर स्थान पक्के निघते. एका बाजूस डोंगरकडा वा इमारत असल्यास उपग्रह एकाच अंगास दिसतात आणि चूक वाढते.

तिसरी चूक काठीची. दोन मीटर उंचीची काठी केवळ एक अंश कलली तर वरचे यंत्र सुमारे साडेतीन सेंटिमीटर बाजूस सरकते. कोट्यवधी रुपयांच्या उपग्रहांनी कमावलेली अचूकता अशा रीतीने काठी धरणाऱ्या हाताच्या निष्काळजीपणाने वाया जाते.

चौथा अडथळा आकाशाचा आहे, आणि आपल्या देशाने त्याची विशेष दखल घ्यावयास हवी. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागास आयनांबर म्हणतात. तेथील विद्युत्‌भारित कणांमुळे उपग्रहांच्या संदेशास विलंब होतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले अग्निबाण उड्डाण झाले, ते स्थळ याच कारणास्तव निवडले होते. या विषुववृत्ताच्या उत्तरेस आयनांबर विशेष दाट होते आणि आपला प्रदेश त्याच्या प्रभावाखाली येतो. दुपारनंतर विलंब वाढतो. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, संदेश लुकलुकू लागतात आणि रोव्हरचा मेळ वारंवार तुटतो. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात सूर्य क्षुब्ध असतो तेव्हा हा त्रास अधिक होतो. १० व ११ मे २०२४ रोजी मोठे सौर वादळ झाले. त्या वेळी अमेरिकेतील मक्याच्या पेरणीत उपग्रहांच्या आधारे सरळ ओळीत चालणारे ट्रॅक्टर भरकटू लागले व पुष्कळ शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली. यावरून, शक्यतो सकाळच्या वेळी मोजणी उरकणे श्रेयस्कर, हे ध्यानी येईल.

मोजणीच्या वेळी पाळावयाच्या गोष्टी

१. मोजणीपूर्वी हद्दीचे जुने दगड शोधून ठेवावेत व त्यांभोवतीची झुडपे साफ करावीत. हे काम खातेदार व ग्रामसेवक यांनी मिळून करावे. दगड हलवू मात्र नये. हद्दीच्या खुणांची नासधूस करणे हा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमानुसार दंडास पात्र अपराध आहे.

२. शेतावर मोबाइलचे जाळे पोहोचते किंवा नाही, हे भूकरमापकास आधी कळवावे. ते पोहोचत नसल्यास ज्ञात स्थानावर स्वतंत्र केंद्र मांडून रेडिओने दुरुस्ती पाठविण्याची व्यवस्था करता येते.

३. कामास आरंभ करण्यापूर्वी, आणि काम संपल्यावरही, ज्ञात स्थानाच्या एखाद्या खुणेवर रोव्हर ठेवून आकडा जुळतो का ते पाहावे. दुकानदार सकाळी तराजू तपासतो, तशीच ही तपासणी आहे.

४. पडद्यावर ‘फिक्स्ड’ असल्याखेरीज माप नोंदवू नये. काठीवरील पातळीचा बुडबुडा मध्यभागी असावा आणि काठीची उंची यंत्रात बरोबर भरलेली असावी.

५. प्रत्येक महत्त्वाचा कोपरा दोनदा मोजावा. दुसऱ्या वेळी यंत्राचा मेळ मुद्दाम तोडून नव्याने बसवावा, आणि दोन्ही मापांत किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. तेवढ्या अवधीत उपग्रहांची मांडणी बदललेली असते. दोन्ही मापे सुमारे तीन सेंटिमीटरच्या आत जुळली तर समाधान मानावे. न जुळल्यास तिसऱ्यांदा मोजावे.

६. कोपरा झाडाखाली असेल तर तेथे यंत्र रेटू नये. जवळच्या मोकळ्या जागी दोन बिंदू रोव्हरने मोजून त्यांवरून टेपने किंवा अंतर व कोन मोजणाऱ्या यंत्राने कोपरा पकडावा.

७. लगतचे कब्जेदार उपस्थित असावेत. त्यांच्यासमक्ष दोनदा घेतलेले माप त्यांना दाखविले म्हणजे पुढील अनेक शंका जागच्या जागी मिटतात.

यंत्राच्या कक्षेबाहेरील गोष्टी

रोव्हर आज जमिनीवर असलेल्या खुणेचे स्थान दोन सेंटिमीटरपर्यंत सांगू शकतो. कायदेशीर हद्द कोठे आहे, हे मात्र तो सांगू शकत नाही. ती मूळ मोजणीच्या अभिलेखांवरून ठरते. जुना नकाशा एक सेंटिमीटरास दहा मीटर या प्रमाणावर काढलेला असेल तर त्यावरील पाव मिलिमीटर रुंदीची रेघच जमिनीवर २५ सेंटिमीटर जागा व्यापते. अशा नकाशावरून काढलेल्या हद्दीस यंत्राची अचूकता आपोआप लाभत नाही. जुन्या, न हललेल्या दगडांचे मोल म्हणूनच आजही कमी झालेले नाही. नकाशा जमिनीवर बसविताना तेच खरे साक्षीदार असतात.

दुसरी गोष्ट थोडी नवलाची वाटेल. भारतीय उपखंडाचा भूभाग जगाच्या चौकटीत दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. दहा वर्षांत ही सरक अर्ध्या मीटरवर जाते. तुमचे शेत, शेजाऱ्याचे शेत व गावची चावडी एकत्रच सरकत असल्याने कोणाची जमीन घटत नाही वा वाढत नाही. परंतु दोन वेगळ्या वर्षी, वेगळ्या चौकटीत काढलेले आकडे एकमेकांशी ताडले तर बांध हलल्याचा भास होईल. यासाठी मोजणीच्या आकड्यांसोबत ते कोणत्या चौकटीतील व कोणत्या वर्षाच्या संदर्भातील आहेत, याची नोंद असणे आवश्यक आहे. राज्यभर एकाच कॉर्स जाळ्यावरून मोजणी करण्याचा एक मोठा लाभ हाच आहे.

सारांश, उपग्रहांची समान चूक स्थिर केंद्र दूर करते. जागेवरची चूक मोजणाऱ्या माणसास टाळावी लागते. आणि हद्दीचा हक्क अभिलेख व जुन्या खुणा सांगतात. यांपैकी एकही दुवा निखळला तर बाकीचे दोन निरुपयोगी ठरतात. शेतकरी बंधूंनी मोबाइलचा उपयोग पिकाखालील क्षेत्राचा अंदाज घेण्यासाठी खुशाल करावा. परंतु हद्दीविषयी शंका आल्यास शेजाऱ्याशी कलह मांडण्यापूर्वी भूमि अभिलेख कार्यालयाकडे रीतसर मोजणीचा अर्ज करावा, आणि मोजणीच्या दिवशी जागेवर हजर राहून ‘दुसऱ्यांदा मोजले काय?’ एवढा एकच प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. ग्रामसेवकांनी ही माहिती गावसभेत समजावून दिली तर कित्येक तंटे बांधावरच मिटतील.